‘आपलीच, शंका नको’

दादा, चौदा नंबरचा डबा मी उघडला.

तुला अग्नी देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वहिनीला म्हटलं, सापांना पाणी घालून येते. पडेगावच्या तुझ्या घरामागची ती पत्र्याची खोली, रॅकवर ओळीनं लावलेले प्लास्टिकचे डबे, सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं तू प्रत्येकाला पाडलेली भोकं. आत तुझे कॉर्न स्नेक. तू त्यांना मक्याचे साप म्हणायचास, म्हणून घरात सगळेच तसं म्हणायचे. तांबडे, नारंगी, राखाडी, गुलाबी. सगळे आपापल्या जागी गप्प होते. चौदा नंबरवर चिकटपट्टी, तिच्यावर तुझं अक्षर: ‘स्नो. मादी. सापडली.’ ‘सापडली’च्या खाली दोन रेघा मारलेल्या.

मी झाकणाला हात लावला नाही. भिंतीवरचा तुझा हुक काढला, त्याच्या टोकानं झाकण उचललं. ती वेटोळं करून, डोकं वेटोळ्याखाली खुपसून पडली होती. दुधात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखा रंग. अंगावर आणखी पांढरे, पुसट पट्टे. आणि पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक सरळ रांग. मक्याच्या सापाला अशी रांग नसते. आपल्या भागात ती मण्यारीला असते.

रंग नसलेली मण्यार. काळा रंग अंगात तयारच न झालेली. तू तुझ्या रॅकवर तीन-तीन पिढ्या जुळवून जे करत होतास, ते बाहेर कुठल्यातरी बिळात आपोआप झालं होतं आणि तुझ्या हौदाच्या फरशीखाली येऊन बसलं होतं. तीन दिवस ती त्या डब्यात होती. वहिनीनं त्या तीन दिवसांत दोनदा खोली झाडली होती.

मी तिला मारू दिलं नाही. तुझ्यासोबत साप पकडायला जाणाऱ्या जोडीदाराला बोलावलं. त्यानं वनखात्याला कळवलं आणि तिला दौलताबादकडच्या डोंगरात नेऊन सोडलं. बरणीत भरून नेताना तो म्हणाला, “मॅडम, असली मी बी पहिल्यांदा बघतोय. पन त्यानं एकदा पाठीकडं बघायचं ना.”

मी मान हलवली.

तेव्हापासून तेराव्यापर्यंत मी मानच हलवत होते, दादा. ते का, हे तुला माहीत आहे. तुझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाला कळू नये याची सोय तूच करून गेला होतास.

लोकांना वाटतं, तू आधीपासून असाच बिनधास्त होतास. नव्हतास. तू भित्रा होतास, आणि मला ते आवडायचं. सर्पमित्र म्हणून फिरायचास तेव्हा घोट्याच्या वरपर्यंत बूट, हातात हुक, आणि बघ्यांना तुझी पहिली शिवी: “मागं सरा म्हनलं ना, सत्कार हाय का इथं माझा?” शाळेत बोलवायचे तेव्हा फळ्यावर खडूनं साप काढायचास आणि सांगायचास, रंगावर जाऊ नका, रंग फसवतो, खवले बघा. मास्तर टाळ्या वाजवायचे. दहावीतून शाळा सोडलेला माणूस शाळेत जाऊन शिकवतो, याचा तुला केवढा आनंद व्हायचा.

शाळा तू का सोडलीस, तेही इथं लिहून ठेवते. कन्नडच्या कारखान्यात बापाचा पाय गेला त्या वर्षी घरातल्या दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. तू कुणाला विचारलं नाहीस. दप्तर माझ्याकडं दिलंस आणि घाटातल्या जीपवर क्लीनर म्हणून उभा राहिलास. आपल्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झूलॉजी. मला त्याचा गर्व आहे, आजही आहे, आणि तुला माझ्यापेक्षा जास्त होता. माझ्या पदवीच्या कागदाची रंगीत झेरॉक्स काढून, लॅमिनेशन करून तू ती सापांच्या खोलीत लावलीस. कोणी विचारलं की म्हणायचास, “हे आमच्या मॅडमचं हापीस हाय. मी इथं शिपाई.”

पुण्याच्या ओळखीवाल्यानं मक्याच्या सापांची पहिली जोडी दिली, तेव्हाही तू घाबरतच हात घातला होतास. विष नाही, अमेरिकेचा साप आहे, पाळायला चालतो, हे मी तुला तीनदा वाचून दाखवलं. त्याच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्मही मीच भरला. मग ती पहिली अंडी. मऊ, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. दोन महिन्यांनी त्यांना चिरा पडल्या आणि तांबड्या आईबापाच्या पोटी एक पिल्लू गुलाबी निघालं. मी शिकवते त्या शाळेत तू मला फोन केलास. “बारके, ह्यो कुठून आला?”

मी रविवारी येऊन फरशीवर खडूनं चौकोन काढले. आईकडून एक, बापाकडून एक, दबलेला गुण, उघडा गुण. तू डोकं खाजवलंस. मग वहिनीच्या बांगड्यांचे तुकडे घेऊन आलास, लाल आणि हिरवे, आणि प्रत्येक सापाच्या नावानं बशीत दोन-दोन ठेवलेस. आईच्या बशीतला एक उचलायचा, बापाच्या बशीतला एक. माझे चौकोन पुसून गेले, तुझ्या बशा राहिल्या. पुढच्या वर्षी अंडी फुटायच्या आधी तू सांगायचास, किती नारंगी निघतील, किती गुलाबी, आणि बहुतेक बरोबर यायचं. मला वाईट वाटायचं ते तुझं बरोबर यायचं म्हणून नाही. मी वर्गात पुस्तकातून शिकवते आणि तू हाताला लागलेलं सांगतोस, याचं वाटायचं.

वहिनीला मात्र त्या बशा खपायच्या नाहीत. “फुटक्या बांगड्या घरात मांडून बसलाव, लाज वाटत नाय?” आणि लगेच स्वतःची जीभ चावायची. “फुटल्या न्हाई, वाढल्या. बघा, माझ्या तोंडून बी काय वदवून घेतलं.” तू हसलास. मीही हसले.

तू कधी बदललास ते नेमकं सांगता येत नाही. हुक भिंतीला लागला तो लागलाच. रात्रंदिवस यायचे ते साप पकडायचे फोन तू जोडीदाराकडं वळवायला लागलास. “गावठी साप काय, तेच ते. इथं बघ, रंग बघ.” मोठी नारंगी मादी तुझ्या बोटाला चावायची आणि तू तिला तसंच लोंबकळत ठेवून चहा प्यायचास. “मुंगी तरी जोरात चावती, बारके. ह्या गुदगुल्या.” वहिनी दारातूनच म्हणायची, “ताई, ह्यांची भीती मेली. माणसाची भीती मेलेली बरी नसती.” घरात दोन शहाणे होतो आपण. तिला कोण विचारतो?

आपलं भांडणही त्याच सुमाराला सुरू झालं. तुला सूर्यासारखा पिवळाधमक, ठिपके विरघळलेला साप हवा होता. कोणाकडं नसलेला. त्यासाठी तू एकाच विणीतले भाऊ-बहीण जुळवलेस, मग त्यांची पिल्लं परत आपसात. रूप येत गेलं, खरंच आलं. पण त्या विणीत तीन पिल्लं अशी निघाली की त्यांची मान सरळ राहीना. डोकं वर वळायचं, आणखी वळायचं, शेवटी पाठीवर उलटं पडून छताकडं बघत राहायचं. तू त्यांना ‘आभाळबघे’ म्हणालास.

“दादा, ही जोडी बंद कर.”

“तीन निघाले म्हणून बाकीच्या अकरांचं रूप सोडू?”

“त्या अकरांतल्या कितींच्या पोटात हेच दबलंय, माहीत आहे का? तू नुसतं वरचं बघतोस.”

“आन आतलं बघायला मी तुला शिकिवलं नाय व्हय? मंग तू बघ की. एवढी मॅडम हायस तर सांग ना, कोन चांगला, कोन वाईट. बोट ठिवून सांग.”

मला सांगता येईना. तू जिंकल्यासारखा उठलास. पण नंतर मी खिडकीतून पाहिलं, तू त्या तिघांना एकेक करून मांडीवर घेऊन, त्यांची डोकी दोन बोटांत सरळ धरून, चिमट्यानं उंदराची पिल्लं भरवत होतास. त्यांना मारून टाक, असं मी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. माझं चुकलं की तुझं, ते आपल्याला पुढच्या विणीत ठरवायचं होतं.

मग ती वर्षाची गुलाबी-पांढरी मादी, त्या रंगाला तुम्ही पाळणारे ‘स्नो’ म्हणता ती, डब्यातून निसटली. चौदा नंबर. झाकण नीट लागलं नव्हतं. नऊ दिवस तू घर उलटंपालटं केलंस. फ्रिजच्या मागं, गादीत, हौदाजवळ. तुझ्या पुढच्या सगळ्या बशा तिच्यावर मांडलेल्या होत्या.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वासातला मी सिडकोच्या स्टॉपवर रिक्षाची वाट बघत होते. तुझा फोटो आला. तुझ्या उघड्या तळहातावर ती. खाली लिहिलं होतंस:

“बारके, सापडली बघ. हौदाच्या फरशीखाली व्हती. आपलीच ना? जरा जाड वाटाय लागली.”

दादा, तू विचारलं होतंस. हे लोकांना माहीत नव्हतं. तुला शंका आली होती, भीती मेली नव्हती, कुठंतरी जागी होती, आणि तू ती माझ्याकडं पाठवलीस. मी उन्हात फोन धरला. फोटो मोठाही केला नाही. गुलाबी दिसली, पांढरी दिसली, पुरे झालं. मी लिहिलं:

“आपलीच. कात टाकायला आली की अशीच फुगलेली दिसते. शंका नको.”

दरवर्षी मी पोरांना शिकवते की रंग नसणं हे कुठल्याही सापात होऊ शकतं, नागात, धामणीत, मण्यारीत. खडू हातात असला की मला सगळं आठवतं. तुला उत्तर देताना मला फक्त एवढंच आठवलं की तू विचारतोस आणि मी सांगते. कात टाकण्याची गोष्ट तर मी वरून घातली. न विचारता. शिकलेल्या माणसाला नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही.

तुझा तिसरा मेसेज: “चावली बी जरा.” पुढं हसरा चेहरा.

आणि मी: “नऊ दिवसांची उपाशी आहे. चावणारच.”

रिक्षा आली. मी बसले. त्या दिवशी मी चार तास शिकवले.

साडेबाराला वहिनीचा फोन आला. “ताई, ह्यांच्या पोटात सकाळपासून कळ मारतीय. आधी म्हनले शिळं खाल्लं. आता डोळेच उघडनात.” सूज आहे का, चावल्याची खूण आहे का, विचारलं. “नाय. हाताला काहीच नाय. चावल्याचं बी दिसत नाय.” मण्यारीचं असंच असतं. दुखत नाही, सुजत नाही, माणूस कामाला लागतो.

शेजाऱ्याची गाडी नगर नाक्यावर आली तिथं मी चढले. तू मागच्या सीटवर, वहिनीच्या खांद्यावर डोकं. पापण्या खाली आलेल्या. माझा आवाज ऐकून तू जड जिभेनं एकच शब्द बोललास, “मण्यार.” मग हात पुढं केलास. फोन मागत होतास. वहिनीनं दिला. डाव्या हाताच्या बोटानं तू स्वतःची एक पापणी वर उचलून धरलीस आणि उजव्या अंगठ्यानं फोनवर काहीतरी करायला लागलास. अंगठा घसरायचा, परत जायचा.

“कुणाला लावतोस? मी लावते ना.”

तू मान हलवलीस. नाही. छावणीचा सगळा रस्ता संपेपर्यंत तू ती पापणी धरून होतास. मग फोन वहिनीच्या मांडीवर ठेवलास, बोट काढलंस, आणि पापणी खाली पडली. ती तू पुन्हा उघडली नाहीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला. सहा तास, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पळापळ सुरू केली. त्यांनी सगळं केलं. दोन दिवस यंत्र तुझ्यासाठी श्वास घेत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानंही हात टेकले.

पहिल्याच संध्याकाळी, बाहेरच्या बाकावर बसून मी तुझा फोटो बघायला फोन उघडला. फोटो नव्हता. तुझे तिन्ही मेसेज नव्हते. त्या जागी राखाडी अक्षरांत एवढंच, की मेसेज डिलीट केला आहे. तुला तुझेच पुसता येत होते. माझे माझ्या फोनवर तसेच राहिले. “आपलीच. शंका नको.” “चावणारच.” कोणी काही विचारलेलंच नाही, आणि मी आपली उत्तरं देतेय. रात्री वहिनीला झोप लागल्यावर तुझा फोन पाहिला. तिथून तर आपलं सगळं बोलणंच गेलं होतं, वर्षानुवर्षांचं.

म्हणजे पापणी उचलून धरून तू मला वाचवत होतास. मॅडमचं नाव. भिंतीवरचा तो कागद.

मला तुझा राग आला, दादा. अजून आहे. दप्तर दिलंस तेव्हाही विचारलं नव्हतंस आणि हेही देताना विचारलं नाहीस. आणि मी दोन्ही वेळा घेतलं.

कारण त्यानंतर लोक बोलायला लागले. “सर्पमित्र म्हणं, आन साप वळखू नाय आला.” “रंगाच्या नादानं गेला, येडं.” सर्पमित्रांच्या ग्रुपवर तुझं उदाहरण फिरलं, अति आत्मविश्वासाचं. एक गृहस्थ मला हात जोडून म्हणाले, “मॅडम, घरात तुमच्यासारखं शिकलेलं माणूस असताना त्यानं एक फोटो तरी पाठवून विचारायचं होतं.” मी खाली बघितलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले, भांडी घासली, उद्याच्या तासाची तयारी केली. इतकं सोपं होतं ते. याचीच मला जास्त भीती वाटली. असंच वर्ष जाईल, मग दहा, आणि तू कायमचा येडा राहशील आणि मी मॅडम.

तेराव्याला मांडवात पंगत उठल्यावर बापे बसले होते. गावाकडचे तात्या, आपले चुलते, सुपारी कातरत म्हणाले, “पोरगं सोन्यासारखं व्हतं, पन डोस्कं कमी. धा बुकं शिकला आसता तर वाचला आसता.”

मी उभी राहिले. फोन हातात होता. माझी दोन्ही उत्तरं वाचली, आणि वर काय होतं, तेही शब्द न् शब्द सांगितलं. म्हटलं, दादानं विचारलं होतं. त्याला शंका आली होती. मी बी.एस्सी. झालेय, मी फोटो मोठा करूनही पाहिला नाही. मी शंका नको म्हटलं म्हणून तो पाच तास घरी बसला. त्याला येडा म्हणायचं असेल तर माझ्यासमोर म्हणा, आणि आधी मला म्हणा.

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, शिवी देईल, हाताला धरून बाहेर काढेल. मी त्याची तयारी ठेवली होती.

तात्या उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. “जाऊ दे, पोरी. शिकल्या-सवरल्या मानसाकडून बी चूक व्हती. तू मनाला लावून घिऊ नको.” दुसरे म्हणाले, “कामाच्या गडबडीत व्हतंच आसं.” तिसऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तुला तेरा दिवस येडा म्हणणारे मला दोन मिनिटांत माफ करून मोकळे झाले. एकानंही असं म्हटलं नाही की मग आमचं चुकलं, तो येडा नव्हता.

तेवढ्यात वहिनी उंबऱ्यातून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि इतक्या बाप्यांसमोर, जिनं कधी आवाज चढवला नाही ती, माझ्याकडं बघून म्हणाली, “मी नाय माफ करत, ताई. त्यांनी तुमास्नी विचारलं व्हतं.”

तात्या तिला गप्प करायला लागले. मी त्यांना थांबवलं. दादा, तेरा दिवसांत तुझ्या बाजूनं कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.